पहिला फेरा

उद्या सकाळी दहाला वहिनींचा वरचा पुढचा दात डॉक्टर काढणार होते. तुमचाआमचा दात गेला तर चार दिवस पातळ खाऊन भागतं. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बाईचं तसं नाही हो. वाद्याचं तोंड ती त्याच दातावर टेकवते. दात गेला की वरचे सूर आधी दगा देतात, आणि ते परत येतीलच असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. म्हणून नव्या अल्बमची शेवटची, संथ धून आज दुपारीच रेकॉर्ड करायची होती.

काचेअलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट म्हणजे त्यांचा धाकटा दीर. काचेपलीकडे वहिनींनी डोळे मिटले आणि फुंकर घातली.

मग काय झालं ते दिराला नीट सांगता आलं नसतं. छताच्या झरोक्यातलं ऊन सरकायचं थांबलं. पायाखालचा गालिचा हलका झाला. तिसऱ्या ओळीत सूर वर चढला आणि तिथेच रेंगाळला, तेव्हा त्याला वाटलं, आपण लहान आहोत, ताप उतरलाय आणि कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय. किती वेळ गेला देव जाणे.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "आता ह्याच्या वरचढ होणे नाही. ऐकवा."

त्याने पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा; रेकॉर्डिंग चालूच केलं नव्हतं. टेपच्या जमान्यात तो एकच धडा शिकला होता: पहिला फेरा आवाज बेतण्यापुरता, त्याला टेप लावायची नाही. टेप जाऊन वीस वर्षं झाली, पण जित्याची खोड! मशिनवर ढकलावं असं क्षणभर मनात आलं. मशिन थोडंच बोलणार होतं? पण वहिनींशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. तो आत गेला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी गाल दाबून धरला.

"दात ठणकतोय. अजून एकदाच जमेल," त्या म्हणाल्या. "आणि काय वाजवलं ते मला कधीच आठवत नाही. तुम्ही ऐकलंत ना, भाऊजी? मग गा."

"मी? वहिनी, माझा गळा..."

"माहितीये. लेकीला निजवायचात तेव्हा पोर घाबरून डोळे मिटायची."

त्याने बाहेर जाऊन रेकॉर्डिंग चालू केलं, परत आला आणि गायला लागला. आवाज जाडाभरडा, पण धून जशीच्या तशी. तिसऱ्या ओळीत मात्र घसरला. त्या वर चढल्या होत्या, हा खाली उतरला. चुकल्याचं कळलं, लाजही वाटली, तरी थांबला नाही.

मग वहिनींनी वाजवलं. पुन्हा ऊन थांबलं. तिसरी ओळ आली आणि त्या वर गेल्याच नाहीत. तो जिथे घसरला होता तिथेच सावकाश उतरल्या, आणि तो खालचा सूर त्यांनी श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. दिराचे डोळे भरून आले.

"वहिनी, तिथे मी चुकलो होतो."

"कळलं मला," त्या वाद्य पुसत म्हणाल्या. "पण उद्यापासून मलाही खालीच उतरावं लागणार आहे, भाऊजी. वाट आजच हेरून ठेवली."