राबाला परवाना

आधी गप बस गेणू, मधी बोलू नगंस, नुस्तं ऐक. तू गेलतास घोरावाडीला मामाकडं, तुला काय ठावं हितं कुरवंड्यात काय झालं ते.

आमच्या शेजारची बयामावशी, तिचं डोंगराच्या कडंचं खाचर ठावं हाय ना? पल्याड कुरण हाय तेच. बाई एकटी, त्या तुकड्याच्या भातावर तिचं वरीस निघतं. मी आन तिनं मिळून भाताच्या रोपासाठी राब रचला. खाली शेण, वर ऐनाच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत, वरनं मातीचा पातळ हात. राब नीट भाजला न्हाई तर रोपाच्या आधी तणच माजतं. आन रोप न्हाई तर लावायचं काय, दगडं?

पण औंदा नवा कायदा. परवान्याबिगर राब पेटवायचा न्हाई. पेटवायचा तो जंगलखात्याच्या नाकेदारासमोर, दिस मावळायच्या आत, आन कडंला पाण्याच्या घागरी भरून ठेवायच्या. मावशीनं लोणावळ्याला खेटे घातले, तवा कुटं परवाना हातात पडला. त्योबी शनिवारपातूर.

शनिवारी उजाडायच्या आत वढ्याचं पाणी वाहून मावशीनं घागरी भरल्या. वारा असा पडलेला की पान हलत न्हवतं. राब भाजायला हीच येळ. पण नाकेदार कुटाय? बसलो वाट बघत. ऊन चढलं. मावशीच्या म्हशीनं येऊन दोन घागरी पिऊन टाकल्या, मी शिव्या देत पुन्यांदा वढ्यावर गेलो. गडी उगवला जेवणखाण करून, पान चघळत. हौशीराम नाकेदार. तवर घाटातनं वारं सुटलं व्हतं, मावशीचा पदर डोक्यावर ठरंना.

त्यानं घागरी मोजल्या, एक वाईच कमी भरलीय म्हणून कुरकुर केली, आन म्हणला, लाव काडी.

मावशी म्हणली, "साहेब, ह्या वाऱ्यात आग वरच्यावर पळंल. माती भाजायची न्हाई, कुरण मातूर जळंल. उद्या पहाटं या."

"उद्या मला दुसरं गाव हाय. आन परवाना आज संपतोय."

"वारा पडूस्तोवर बसा की. भाकरी टाकते."

"दिस मावळायच्या आत, बाई. कागदात वारा लिवलेला न्हाई."

मावशीनं कनवटीची काडेपेटी काढली आन त्याच्यापुढं धरली.

"मग तुमीच लावा."

त्यानं कुरणाकडं बघितलं, वाऱ्यानं झोपलेल्या गवताकडं बघितलं. हात काय पुढं आला न्हाई. नवा अर्ज कर म्हणला. मावशी म्हणली, तवर मिरीग लागंल. तर म्हणला, लागू दे, पण धूर दिसला तर चौकीत नेईन. आन गेला.

दुसऱ्या दिशी, म्हंजी आज पहाटं, मी बैल सोडायला गेलो तर मावशी राबापाशी उभी. काडेपेटी हातात, पण काडी वढत न्हवती. तिला चौकीत नेलं तर म्हशीचं कोण बघणार, शेताचं कोण बघणार? वारा न्हवता गेणू, येक झुळूक न्हवती. मी तिच्या हातातनं पेटी घेतली. खालच्या कडंला न्हाई, वरच्या कडंला काडी लावली. आग अशी सावकाश सरकली, जशी गाभण म्हस चालती. माती पार खोलवर भाजली. कुरणाची येक काडी जळली न्हाई. पण धूर निघाला सरळ वर, लोणावळ्यापातूर दिसंल असा.

आन काल जेवून आलेला, दुसरं गाव हाय म्हणणारा हौशीराम आज उन्हं पडायच्या आत हजर. कुणी लावली म्हणला. मावशी तोंड उघडणार, तवर मीच म्हणलो, मी. त्यानं माझं नाव लिवून घेतलं, इनायत, उद्या चौकीवर हजर.

आता आब्बा माझ्याशी बोलंना. जमीन तुझी न्हाई, परवाना तुझा न्हाई, मग काडी तुझी कशी, येवढंच म्हणला आन उठून गेला. मावशी सकाळपासनं आमच्या ओट्यावर बसलीय. म्हणती, चौकीत मी जाते, नाव माझं सांग. राब येवढा झ्याक भाजलाय, आन बाई त्याच्याकडं बघायलाबी गेली न्हाई.

मी न्हाई सांगायचा तिचं नाव. पण खरं सांग गेणू, पेटी तुझ्या हातात असती तर तू काय केलं असतंस?