शिशावरचे शिक्के

दादाने मला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर बाबांनी एक तरी वस्तू ओळखली तर त्यांना घरीच ठेवायचं, नाहीतर सोमवारी वृद्धाश्रमात. त्याचंही चुकत नव्हतं. बाबा दोनदा गॅस चालू ठेवून निघून गेले होते. घरातल्या सगळ्या वस्तू दाखवून झाल्या, तेव्हा संग्रहालय उरलं.

संग्रहालय म्हणजे बाजारातल्या जुन्या टपाल कचेरीच्या दोन खोल्या. पहिलीत नांगराचे फाळ, बंद घड्याळ आणि बाजार समितीच्या अध्यक्षांचे फोटो; सगळ्यांनी एकच कोट आळीपाळीने घातल्यासारखे. दुसरीत बाबांचा तराजू. इथल्या धान्यबाजारात ते एकतीस वर्षं मापाडी होते. निवृत्त झाल्यावर तराजू आणि पितळी वजनं त्यांनीच इथे आणून दिली.

वजन पारड्यात ठेवण्याआधी बाबा ते उलटं करून तळाच्या शिशाच्या बुचावरून अंगठा फिरवायचे. त्या शिशावर दर तपासणीला निरीक्षक नवा शिक्का मारायचा. बाबा न बघता सांगायचे, हे माझं, हे शेजारच्याचं. लहानपणी मी मुद्दाम वजनांची अदलाबदल करायचे. एकदाही फसले नाहीत. हाताची सवय सगळ्यात उशिरा जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. माझी भिस्त त्या अंगठ्यावर होती.

रखवालदाराला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने आढेवेढे न घेता कपाट उघडलं. दोन किलोचं वजन मी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं. अंगठा नेमका बुचावर गेला. एकदा फिरला, पुन्हा फिरला, मग कडेकडेने शोधू लागला.

"माझं नाही," म्हणून त्यांनी ते परत दिलं.

एक किलोचं दिलं, मग अर्ध्याचं. तीही त्यांची नव्हती.

वजन घेऊन मी खिडकीपाशी गेले. शिसं सपाट, गुळगुळीत होतं. एकही शिक्का नाही.

"दर सोमवारी घासतो, ताई," रखवालदार म्हणाला. "अकरा वर्षं झाली. आली तेव्हा काळीठिक्कर होती. आता तोंड बघून घ्या."

तळाकडूनही घासता का, असं मी विचारलं. आधी तिथूनच, तो म्हणाला. तिथे कसले कसले ओरखडे होते, ते काढायलाच चार वर्षं गेली. त्याच्यावर रागावता येईना. एवढ्या निष्ठेने काम करणारी माणसं माझ्या प्रयोगशाळेतही कमीच. शिसं मऊ असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी इथे फिरकले नव्हते.

बाहेर येऊन दादाला फोन केला. अंगठा बरोबर जागी गेला होता, शिक्काच नव्हता, त्यामुळे बाबांचं उत्तर एका अर्थी अचूक होतं, असं सगळं क्रमाने सांगितलं. त्याने मधे न बोलता ऐकून घेतलं.

"म्हणजे ओळखलं का?"

"माझं नाही, म्हणाले."

"मला तरी ओळखतात का? तुला?"

मग तोच म्हणाला, वृद्धाश्रमात कपड्यांवर नावं घालावी लागतात, तेवढं बघ.

बाबा पायरीवर बसले होते. शर्टाचं खालचं बटण उलटं धरून त्यावरून अंगठा फिरवत होते. मी शेजारी बसले, तशी त्यांनी अदबीने सरकून जागा दिली.

"तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का, बाई?"

नाही, म्हटलं.