सहावीतली नांगी

मंडळी, तुमच्या-आमच्या शाळांत एक प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर रोज एकच येतं. सर विचारतात, "समजलं का?" आणि साठ गळे एका सुरात ओरडतात, "हो सर!" साठांतल्या एकालाही कळलेलं नसलं तरी हो! नाही म्हणणारं पोर मी तरी अजून पाहिलेलं नाही. त्याला उभं करतील, सगळा वर्ग हसेल, आणि तास संपायला उशीर होईल तो वेगळाच.

डहाणूजवळच्या कैनाडच्या लाहूची मुलगी निर्मला याच 'हो सर'वर बारावी सायन्स झाली. तिच्या शाळेत दोन वर्षं गणिताला शिक्षकच नव्हता. मग पास कशी झाली म्हणता? जशी पुष्कळ मुलं होतात तशी. पेपरच्या दिवशी कुणीतरी कागद घेऊन आलं, फळ्यावर भराभर उत्तरं लिहिली आणि पुसून गेलं. 'गरिबाची पोरं आहेत, होऊ द्या त्यांचं भलं!' वर्गावर देखरेखीला बाहेरच्या शाळेतून एक बाई आल्या होत्या. त्या पाऊण तास खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. निर्मलाला गणितात अडुसष्ट मार्क पडले.

ही दोन हजार सतराची गोष्ट. मुंबईकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. पाड्यात आजवर कुणाला मिळाली नव्हती. पण कॉलेजनं एक अट घातली होती. दहा ऑगस्टला गणित आणि विज्ञानाची चाळीस मार्कांची परीक्षा. सोळा मिळाले तर वर्गात बसायचं, नाहीतर वर्षभर घरी तयारी करून पुन्हा यायचं. जागा राखून ठेवू, असंही त्यांनी लिहिलं होतं. कॉलेजला वर्षभर थांबणं सोपं असतं. लाहूनं पत्र ऐकलं आणि म्हणाला, "वर्षभर घरी बसली तर पोर लग्नालाच आली म्हणायची. मागणी घालायला येतील, त्यांत मी कोणाकोणाला नाय म्हणू?" चिकूच्या वाडीत राबणारा साधा माणूस, मनानं वाईट नव्हता. पण वर्षभर लोकांची तोंडं धरायची ताकद आपल्यात नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तयारीसाठी कॉलेजनं कॉम्प्युटरवरचा एक अभ्यासक्रम दिला होता. सहावीपासून बारावीपर्यंतचं गणित नि विज्ञान, चोवीस धडे, सगळे मराठीत. ज्याला जसं झेपेल तसं शिकायचं. एक धडा दहादा बघा, कोणी रागावणार नाही. आशागडच्या अभ्यासिकेत तीन कॉम्प्युटर होते. पंधरा जूनला निर्मला शेअर रिक्षानं तिथं पोचली, आणि दारातच थबकली. अभ्यासिका चालवणाऱ्या जयमालाताई म्हणजे त्याच, खिडकीकडे तोंड केलेल्या बाई! दोघींनी एकमेकींना ओळखलं. दोघींपैकी एकीनंही ब्र काढला नाही.

निर्मला कॉम्प्युटरपुढे बसली. पहिला धडा अपूर्णांकांचा. चित्रं आली, गेली, आणि शेवटी पडद्यावर प्रश्न उमटला: 'समजलं का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं की धडा वेगळ्या रीतीनं पुन्हा सुरू व्हायचा. पण बारा वर्षांची सवय ती! पोरीचं बोट आपसूक 'हो'वर गेलं. दुसरा धडा, हो. तिसरा, हो. मान डोलवत डोलवत नऊ दिवसांत चोवीस धडे संपले. पडद्यावर 'अभिनंदन' आलं आणि छापील प्रमाणपत्र बाहेर पडलं.

जयमालाताई म्हणाल्या, "एवढ्या लवकर? सगळं समजलं ना गं?"

"हो ताई," निर्मला म्हणाली.

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. लाहूनं प्रमाणपत्राला डहाणूहून काच लावून आणली आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगलं. पाड्यानं सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या नातीला तिच्या पाया पडायला लावलं.

बारा जुलैला तिनं सहज म्हणून सराव परीक्षा दिली. चाळीसपैकी चार.

तिला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. पुन्हा दिली. तीन.

पडद्यावरचे आकडे ओळखीचे वाटत होते, पण एकही तिच्याशी बोलायला तयार नव्हता. बारावीतलं येईना म्हणून तिनं दहावीतलं उघडलं, तेही येईना. आठवीतलं नाही, सातवीतलं नाही. जिथं पाय टेकावा तिथं खाली जमीनच नाही! अर्धा अधिक एक तृतीयांश किती, एवढंही तिला सांगता येईना. अठरा वर्षांची मुलगी, खांद्यावर सत्काराची शाल पडलेली, आणि सहावीतलं गणित येत नाही. कुणाला सांगणार? ज्या पाड्यानं नारळ दिला त्याला? प्रमाणपत्राची काच रोज सकाळी धोतरानं पुसणाऱ्या बापाला?

ती घरी आली आणि अंग दुखतं म्हणून पडून राहिली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. जेवण जाईना. अच्छाडला हायवेवर एखाद्या धाब्यावर भांडी घासायला निघून जावं, असं तिच्या मनात आलं. तिथं निदान कोणी अपूर्णांक विचारणार नाही. आणि त्याहून वाईट विचारही आले. ते मी इथं लिहीत नाही.

पाचव्या दिवशी तिची आई भिकी म्हणाली, "चल ऊठ. ताप नाय, काय नाय. नांग्या भरायच्यात."

भातलावणीला दहा-बारा दिवस झाले होते. लावलेल्यातली काही रोपं कुजतात, काही खेकडे खातात, आणि मधेमधे जागा रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या जागांना म्हणतात नांग्या. तिथं नवी रोपं खोचायची. कंटाळवाणं काम, कंबर मोडणारं. मायलेकी चिखलात वाकल्या.

"वरून बघ," भिकी मधेच म्हणाली. "सगळं हिरवं दिसतं ना? रस्त्यानं जाणारा म्हणेल, लावणी झकास झाली. नांगी कधी दिसते? आत उतरल्यावर."

निर्मलाच्या हातातली रोपं गळून पडली. ती तिथंच, गुडघाभर चिखलात, मोठ्यानं रडायला लागली. "आई, मला काहीच येत नाय गं! प्रमाणपत्र खोटं आहे. बारावी पण खोटी. सगळ्यांना मी फसवलं!"

भिकी सरळ झाली. तिनं लेकीला जवळ घेतलं नाही, की समजूतही घातली नाही. चिखलाचे हात पदराला पुसत तिनं विचारलं, "काय येत नाय ते सांग."

"अपूर्णांक."

"तो काय असतो मला ठाऊक नाय. पण तुझा तो मेला कधी?"

"सहावीत."

"मग सहावीत जा."

"आई! आता? सत्कार झाल्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय करायचंय!" भिकी कडाडली. "मेलेल्या जागी रोप लावायला मी लाजले असते तर तुम्ही काय खाल्लं असतं? शेवटच्या ओळीत कितीही रोपं कोंब, मधलं भोक भरतं का? रोप मरतं, त्यात तुझा गुन्हा नाय. कुणी तुला शिकवलंच नाय. पण नांगी दिसल्यावर झाकून ठेवलीस, तर मात्र तो गुन्हा तुझा!"

त्याच दुपारी निर्मला आशागडला गेली. पायांचा चिखलही नीट निघाला नव्हता. जयमालाताईंसमोर उभी राहून ती म्हणाली, "ताई, मला काहीच समजलं नव्हतं. मी सगळीकडे हो दाबलं."

जयमालाताई खाली बघत म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. नऊ दिवसांत कुणाचं होतं का? पण तुला विचारलं असतं तर तूही मला विचारलं असतंस, त्या दिवशी खिडकीबाहेर काय बघत होता म्हणून." त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "काही बघत नव्हते मी. वाटायचं, दया करतेय. तुझी सहा वर्षं बुडवली आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि त्याला दया म्हटलं!"

त्या दिवसापासून दोघी शेजारी बसल्या. पहिला धडा. 'समजलं का?' निर्मलानं आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' दाबलं. काहीही झालं नाही! कोणी हसलं नाही, कोणी उभं केलं नाही. धडा निमूटपणे पुन्हा सुरू झाला. तिनं अकरा वेळा 'नाही' दाबलं. अर्धा अधिक एक तृतीयांश तिनं वहीत दोन पंचमांश लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, "अगं, अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली?" निर्मला वहीकडे बघत राहिली, आणि मग खुदकन हसली. पाच दिवसांनी पहिल्यांदाच.

पण दिवस कुठे होते हाताशी? चोवीस धड्यांपैकी तेरा झाले आणि दहा ऑगस्ट उजाडला.

निर्मलाला चौदा मार्क मिळाले. दोन कमी पडले.

मंडळी, ती सोळा मिळवून आली असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण सहा वर्षांचा खड्डा तीन आठवड्यांत बुजत नसतो.

ती घरी आली. लाहू ओटीवरच होता. तिनं गुणपत्रक त्याच्या हाती दिलं आणि सगळं सांगितलं, फळ्यावरच्या उत्तरांपासून 'हो'च्या चौकोनापर्यंत. भिकी दाराला टेकून उभी होती.

"हे चौदा कोणी फळ्यावर लिहून दिले?" त्यानं विचारलं.

"कोणी नाय, बाबा."

"सगळे तुझे?"

"सगळे माझे."

लाहू उठला. भिंतीवरची तसबीर त्यानं काढली, मागचे खिळे उचकटले, प्रमाणपत्र बाहेर काढून घडी घातली. आणि काचेखाली ते चौदा मार्कांचं गुणपत्रक सरळ करून बसवलं.

"बाबा, नापास आहे ते!"

"असू दे. खरं आहे," लाहू म्हणाला. "विचारायला येतील त्यांना सांगतो, पोर वर्षभर कामात आहे. अकरा धडे राहिलेत."

जयमालाताईंनीही एक गोष्ट केली. पुढच्या मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेला त्या पुन्हा वर्गावर देखरेखीला होत्या. या वेळी पोरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कागद घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. बोलणी खाल्ली, पण हलल्या नाहीत.

बंधुभगिनींनो, आपल्या घरातलं मूल 'समजलं नाही' म्हणालं, तर त्याला हसू नका आणि रागावूही नका. शिकणं तिथूनच सुरू होतं. आणि ज्याला येत नाही त्याला आयतं उत्तर पुरवून पुढे ढकलणं ही दया नव्हे, त्याच्या वाटणीचं शिक्षण आपण हिरावून घेतो.

कैनाडच्या त्या घरात ती तसबीर अजून दारासमोरच आहे. पाहुणे विचारतात, "चाळीसपैकी चौदा? हे का लावलंय?" तेव्हा भिकी म्हणते, "बसा, सांगते."