शिवदासकाकांचा राखीव डबा

सीमेवर युद्ध पेटले आणि सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. रेल्वे एरवीही सरकारचीच. तेव्हा सरकारने ती कोणाकडून घेतली, हा प्रश्न नवघरच्या चहाच्या टपरीवर बराच वेळ चघळला गेला. नवघरच्या शिवदासकाकांना मात्र तिळमात्र शंका नव्हती. ती त्यांच्याकडूनच घेतली गेली होती.

पुतण्या कौस्तुभचे लग्न बडोद्यास ठरले होते. त्याचे वडील हयात नसल्याने वरपक्षाचे कर्तेपण काकांकडे होते, आणि वऱ्हाडासाठी त्यांनी रेल्वेचा अखंड डबा राखून ठेवला होता. यार्डात डबा लागताच त्यांनी त्यावर नारळ फोडला, दारांना तोरणे बांधली, हळदीचे पंजे उमटवले आणि वधूवरांच्या नावांचा भला थोरला फलक टांगला. दुसऱ्या दिवशी तो डबा सैन्याच्या खास गाडीला जोडला गेला.

"काका, आर्मीसाठी घेतलाय डबा. मेसेज आलाय," कौस्तुभ म्हणाला.

"मेसेज कसला? हलद लावलीय मी त्याला! हलद लागलेली नवरी कोन दुसऱ्याच्या घरी धाडतंय का? मागच्या महायुद्धात आमच्या आज्याच्या मिठाने भरलेल्या रेल्वेच्या वाघिनी नेल्या, आता डबा. लढाई आली का सरकारला आमचंच दार दिसतं!"

इतके बोलून त्यांनी घरादाराला ताकीद दिली, की यातले अक्षरही बडोद्याला कळता कामा नये. अखंड डब्याची द्वाही फिरवून बसने उतरणे म्हणजे ऐरावताची वर्दी देऊन गाढवावरून येणे.

बस मिळेपर्यंत दुपार टळली. ती वरसाव्याच्या पुलाजवळ पोहोचली आणि वाहनांच्या कोंडीत समाधिस्थ झाली. संध्याकाळी तिथेच कौस्तुभचा फोन वाजला. पडद्यावर वधूपिता ईश्वरराव आनंदाने निथळत होते.

"जावईबापू, तुम्ही मागून येताय वाटतं! पण वऱ्हाड पोचलं हं. स्टेशनवरच सीमांतपूजन उरकलं. साखरपुड्याला तुमचे काका रुसून आले नव्हते, म्हणून आज आम्ही कसर ठेवली नाही. पाय धुतले, मानाचा फेटा बांधला. नको नको म्हणत होते, हिंदीतून! काय हा वरपक्षाचा विनय!"

फोन किंचित वळला. झुबकेदार मिशांचा एक सुभेदार गुलाबी फेटा सावरत, हातातल्या नारळाचे काय करावे, या विवंचनेत उभा होता. मागे तोरणे बांधलेल्या डब्यापुढे साठ जवान पेढे खात होते.

कौस्तुभने फोनवर आपल्याकडचा आवाज घाईघाईने बंद केला, तोच काका ताडकन उठले. "बस फिरवा! माजा मान परक्याला दिला. आता ह्या लग्नाला मी येनार न्हाय, न् तुमी पन कोनी जानार न्हाय!"

चालकाने आशेने चाक वळवून पाहिले. पण बसला पुढे जायला जागा नव्हती, तशी मागे वळायलाही नव्हती.

तेव्हा जिजाबाईंनी, म्हणजे काकांच्या अर्धांगिनीने, तोंडातले पान गालात सरकवले. "अवो, डबा कोनाचा?"

"माजा!"

"मंग तुमच्या डब्यातून उतरला तो परका कसा? घरचाच मानूस झाला ना?"

या तर्कात काकांना छिद्र सापडेना. शिवाय साठ जवान आपल्या गोतात जमा झाले, ही कल्पना त्यांना बरी वाटली. ते खाली बसले.

"व्हय. भाऊच माजा," ते औदार्याने म्हणाले.

"थोरला," जिजाबाई म्हणाल्या.

"थोरला? त्याच्या मिशा तरी पिकल्यात का?"

"मान पयला मिलला तो थोरला. तुमी आता धाकटे."

काकांनी जबडा उघडला. पण जिजाबाईंनी तोवर फोन आपल्या हाती घेऊन, आवाज पुन्हा सुरू करून ईश्वररावांना सांगूनही टाकले, की मुलाचे धाकटे काका बसने येताहेत. पलीकडून ईश्वररावांचा सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

"वा! मग पंगतीची काळजी मिटली. आमच्याकडे वाढप धाकट्या काकांकडेच असतं."

काकांनी फोन हिसकावला.

"मठ्ठा कोन करतंय?" त्यांनी दरडावून विचारले. "मी येईस्तोवर त्यात कोनी मीठ टाकायचं न्हाय!"