नवव्या पायरीवरचा गवई

“हे बघा भाऊजी, मला गाणं म्हणायचं नाहीये. मला तलवार द्या,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. गेल्या सहा रविवारांत त्यांनी जेवढे उसासे टाकले होते, तेवढे तेवीस वर्षांच्या सरकारी नोकरीत टाकले नव्हते. दुकानादुकानांतून वजनं आणि काटे तपासायचे, ही त्यांची नोकरी. पाच ग्रॅमची खोट सापडली तरी काट्याला सील ठोकून मोकळे होत, म्हणून हे नाव पडलं. स्वतः फळं घ्यायला गेले तरी फळांच्या आधी काट्याची सुई बघत. फळवाले त्यांना लांबून येताना पाहूनच वैतागत.

आणि आता त्यांना वैताग आणणारं माणूस त्यांच्यासमोर, त्यांच्याच थोरल्या भावाच्या, दादांच्या खुर्चीत बसलं होतं.

खेळ तसा तोंडी होता. प्रत्येकानं एका काल्पनिक राज्यातलं एक माणूस व्हायचं. त्या माणसाचा एक कागद असतो. त्यावर त्याचा पेशा, त्याचं बळ, बुद्धी, अंगातले प्राण, सगळं आकड्यांत लिहिलेलं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं माणूस काय करतं ते सांगायचं, जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. पुरेसे पराक्रम झाले की माणूस एक पायरी वर चढतो. त्या पायरीवर जुनाच पेशा पुढे न्यायचा किंवा शेजारी दुसरा सुरू करायचा. गोष्ट सांगायची आणि नियम सांभाळायचे, हे काम काटेसाहेबांचं. दुसऱ्या कुणाला ते झेपलं असतं असं त्यांना स्वतःला मुळीच वाटत नव्हतं.

अकरा वर्षं दर रविवारी दुपारी दादांच्या घरी, ह्याच जेवणाच्या टेबलावर खेळ चालला. दातांच्या डॉक्टरीणबाई जादूगार होत्या. पोस्टमन चोर होता. खऱ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्याचं पाकीटसुद्धा कधी उलटून पाहिलं नव्हतं. आणि दादा गवई. गवयाचं काम असं की बाकीचे लढत असताना त्यानं मागे उभं राहून वाजवायचं, गायचं, आणि आपला फासा उचलून ज्याला गरज असेल त्याला द्यायचा. त्यानं तो आपल्या फाशात मिळवायचा आणि जिंकायचं. एकतीस वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसून ‘डावीकडे वळा, दुसरा मजला’ सांगणाऱ्या दादांना हे काम जन्मतःच येत होतं.

आठ महिन्यांपूर्वी त्याच खिडकीत त्यांच्या छातीत कळ आली. वरच्या मजल्यावर सगळे डॉक्टर होते, पण उपयोग झाला नाही.

खेळ बंद पडला तो पडलाच. सहा-साडेसहा महिन्यांनी वहिनींचाच फोन आला. “रविवारी येताय ना? ह्यांच्या जागी मी बसते.” काटेसाहेबांना भरून आलं. वहिनींनी अकरा वर्षं ह्या खेळाला ‘तुमची भातुकली’ म्हटलं होतं, तरी त्या बसणार होत्या. पण ते भरून येणं पहिल्या रविवारी अर्धा तासच टिकलं. वहिनी किल्ल्याच्या पहारेकऱ्याशी सोसायटीच्या वॉचमनशी भांडावं तशा भांडल्या. गुहेत शिरायच्या आधी सगळ्यांना स्वेटर घालायला लावले. आणि गाण्याची पाळी आली की म्हणायच्या, “माणसं मरताहेत आणि हा गातोय? लाज नाही वाटत?”

आज सगळे नवव्या पायरीवर चढले होते. डॉक्टरीणबाई आणि पोस्टमन आपापला पेशा पुढे नेऊन मोकळे झाले. वहिनी अडून बसल्या.

“वहिनी,” काटेसाहेब दात आवळून म्हणाले, “दहाव्या पायरीला गवयाचा फासा मोठा होतो. एकच पायरी राहिलीये. आत्ता दुसरा पेशा घेतलात तर ते मागे पडतं. धड गवई नाही, धड योद्धा नाही, असं होऊन बसतं.”

“घ्यायचाच तर माझा पेशा घ्या ना,” डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. “गवयाला मंत्र येतातच थोडे. जादू त्याला शोभते.”

“छे, चोरच बरा,” पोस्टमन म्हणाला. “गोड बोलायचं आणि खिसा कापायचा. गवयाला कुणाचा संशय येतो?”

“हे जिवंतपणी कुणाचा खिसा कापू शकले नाहीत, आता काय कापणार?” वहिनी म्हणाल्या. “योद्धा. मला योद्धाच पाहिजे.”

“पण का?” काटेसाहेबांनी विचारलं.

“का म्हणजे? अकरा वर्षं हा माणूस मागे उभा राहिलाय. आपला फासा ह्याला दे, त्याला दे. डॉक्टरीणबाईंच्या जादूगारणीला राजानं वाडा दिला. ह्या चोराला घोडा मिळाला. ह्यांना काय मिळालं? ‘गाणं छान झालं’ म्हणाले. मी आत भांडी आवरताना ऐकलंय सगळं.”

पोस्टमननं मान खाली घातली. घोडा त्याला खरोखरच दादांच्या फाशावर मिळाला होता.

काटेसाहेबांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. खरं सांगायचं तर त्यांचा जीव नियमात नव्हता, ह्या कागदात होता. दादांचं अक्षर होतं त्यावर, खिडकीतल्या रजिस्टरात असायचं तसं सुटं आणि उभं. त्यात कुणी ‘योद्धा’ असं घुसडावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. दादांचा गवई गवईच राहायला हवा होता. पण हे तोंडानं बोलणं त्यांना जमलं नाही, म्हणून ते नियमावर आले.

“नियमात बसत नाही,” त्यांनी ठणकावून सांगितलं. “योद्धा व्हायला बळ तेरा लागतं. दादाचं नऊ आहे. हे बघा, नऊ. विषय संपला.”

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “हेच तुम्ही त्यांनाही सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“ह्यांना. दोनदा. एकदा जेवताना म्हणाले, धाकट्याला विचारलं, मला योद्ध्याची एक पायरी घेता येईल का. तो म्हणाला, बळ नऊ आहे, नाही येणार. मी म्हटलं, भांडायचं मग. तर म्हणे, त्याला नियम पाठ आहेत, तो चुकायचा नाही.”

काटेसाहेबांना ते आठवलं. दादांनी विचारलं होतं, त्यांनी कागदाकडे नीट न बघताच सांगितलं होतं, आणि दादा “बरं” म्हणाले होते. दादा नेहमीच “बरं” म्हणत.

“त्यांना पोहायलाही शिकायचं होतं,” वहिनी पुढे म्हणाल्या. “दर वर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी. पोहायची चड्डी आणून ठेवलीये, अजून तिची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. भाऊजी, मला तुमच्या ह्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी बसले ती एवढ्यासाठीच. हेही होणार नसेल तर मी उठते. तो कागद तुम्ही घरी न्या आणि फ्रेम करून लावा.”

त्या खरंच उठल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला, पण तो त्यांनी सोडवून घेतला. त्या गेल्या की खेळ कायमचा संपणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

“थांबा,” काटेसाहेब चिडून म्हणाले. “तुम्हाला पटत नाही ना? पहिल्या पायरीपासून मोजून दाखवतो. मग तर पटेल?”

त्यांनी चष्मा पुसला आणि दुकानातला काटा तपासावा तसा कागद तपासायला घेतला. पहिली पायरी, बरोबर. दुसरी, तिसरी, बरोबर. चौथ्या पायरीवर त्यांचं बोट थांबलं. चौथ्या पायरीवर प्रत्येकाला दोन गुण मिळतात. बळात टाका, बुद्धीत टाका, कशातही टाका. दादांनी ते कशातच टाकले नव्हते. काटेसाहेबांनी आकडे पुन्हा लावले. मग ते आठव्या पायरीवर गेले. तिथले दोनही तसेच पडून होते.

“काय झालं?” पोस्टमननं विचारलं.

काटेसाहेबांचं बोट परत चौथ्या पायरीवर आलं. चौथी पायरी चढले तो रविवार त्यांना लख्ख आठवला. डॉक्टरीणबाईंना मंत्रांचा गोंधळ उलगडत नव्हता, पोस्टमनला बेरीज येत नव्हती, आणि दादा दोघांचे कागद भरून देत होते. “तुझा झाला का?” असं काटेसाहेबांनी विचारलं होतं. दादा म्हणाले होते, “माझं नंतर लिहितो रे, तू पुढे ने.” बाकी सगळ्यांचे कागद काटेसाहेब दर महिन्याला तपासत. दादांचा त्यांनी कधीच तपासला नाही. दादांची कधी तक्रारच नसायची.

नऊ आणि चार तेरा.

लोकांच्या काट्यांना सील ठोकणाऱ्या माणसानं सख्ख्या भावाला खोट्या मापानं मोजलं होतं, तेही दोनदा. काटेसाहेबांना इतकी शरम वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“बळ तेरा आहे,” ते म्हणाले. मग कागद वहिनींकडे फिरवून म्हणाले, “वहिनी, दादाचं बळ तेरा आहे. चूक माझी. बसा तुम्ही.”

“म्हणजे तेव्हाही घेता आलं असतं?”

“पहिल्यांदा विचारलं तेव्हा अकरा होतं. नसतं आलं.” खोटं बोलून सुटायची ही चांगली संधी होती, पण तो त्यांचा पिंड नव्हता. “दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आलं असतं.”

वहिनी आता चार शब्द सुनावतील असं सगळ्यांना वाटलं, आणि काटेसाहेबांना तर ते हवेच होते. पण त्या खुर्चीत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “लिहा मग.”

पोस्टमननं खोडरबर पुढे केलं. काटेसाहेबांनी ते बाजूला सारलं. कचेरीत चुकीची नोंद खोडायची नसते. तिच्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. त्यांनी नऊवर बारीक रेघ मारली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी तेरा लिहिलं, सही केली. ‘गवई, आठ’ ह्याच्या खाली ‘योद्धा, एक’ हे मात्र त्यांनी वहिनींना लिहू दिलं.

मग खेळ सुरू झाला. दरीवर एक अरुंद पूल होता, आणि पुलावर एक राक्षस वाट अडवून उभा होता. “कोण काय करतंय?” काटेसाहेबांनी विचारलं.

“मी पुढे जाते,” वहिनी म्हणाल्या. सहा आठवड्यांत चाल सांगताना पहिल्यांदाच त्या ‘हा’ किंवा ‘हे’ न म्हणता ‘मी’ म्हणाल्या होत्या. “तलवार काढते आणि पुढे जाते. तुम्ही दोघं माझ्या मागे राहा.”

काटेसाहेबांनी कागदी नकाशावरची गवयाची सोंगटी उचलली आणि जादूगार आणि चोर ह्यांना ओलांडून पुलावर ठेवली. अकरा वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती.

वहिनींनी फासा टाकला. चार पडले.

“नाही लागला वार,” काटेसाहेब म्हणाले. म्हणताना त्यांच्या जिवावर आलं.

“असू दे. आता त्याची पाळी ना? टाका.”

गोष्ट सांगणारा आपला फासा हाताआड टाकू शकतो, हवं तर आकडा झाकू शकतो, तशी मुभा असते. काटेसाहेबांनी फासा उघड्यावर टाकला. राक्षसाचा घाव बसला होता, आणि चांगलाच बसला होता. त्यांनी हिशेब केला.

“सतरा प्राण वजा करा.”

वहिनींनी बोटांवर मोजलं, मग खात्री नसल्यासारखं पुन्हा मोजलं, आणि दादांच्या आकड्याखाली आपला आकडा लिहिला.

“चौतीस उरले,” त्या म्हणाल्या. “हे उभे आहेत अजून.”

आणि त्यांनी गवयाचा फासा उचलून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.