शकुनबाईंची कॅसेट-परीक्षा

आमच्या तुमसरच्या घरात योगाच्या कॅसेटी तांदळासारख्या पारखल्या जातात, असं माहेरी सांगितलं तेव्हा माझी वहिनी पोट धरून हसली. हसू दे. तिची कंबर धड होती.

माझी मात्र गुलाबच्या बाळंतपणापासून गेली होती. पोरगी चालायला लागली, हात वर करून "घे" म्हणायला लागली, आणि मी खाटेवर बसून तिलाच वर चढ म्हणायची. एके दिवशी तिनं हात वर करणंच सोडलं. ते मला कंबरेपेक्षा जास्त लागलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू व्यायाम करा. पण शिकवणार कोण? योगाचा वर्ग मैदानावर भरायचा आणि तिथे सगळे पुरुष. तेवढ्यात माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, घरी व्हीसीआर आणला. हिरालालच्या दुकानात सिनेमांबरोबर योगाच्या कॅसेटीही भाड्यानं मिळत. मला वाटलं, देव पावला.

पण मध्ये माझ्या जाऊबाई, शकुनबाई, उभ्या होत्या. आमचा धंदा तांदळाचा आणि माल बघायच्या त्याच. पोत्यातला वरचा तांदूळ त्या बघायच्याच नाहीत. वरचा त दाखवाले रायते, म्हणायच्या, आणि लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून मधले दाणे तळहातावर घ्यायच्या. कॅसेटीलाही त्यांनी हाच न्याय लावला. सुरुवातीची बासरी, उगवता सूर्य, गुरुजींचं पांढरंशुभ्र धोतर, सगळं बटण दाबून पळवलं आणि मधूनच बघायला लागल्या.

गुरुजी मागे वाकले, इतके की डोकं टाचांना टेकलं. मी हात जोडले. जाऊबाईंनी कॅसेट मागे नेऊन तेच पुन्हा पाहिलं. गुरुजी वाकलेले दिसत आणि एकदम ताठ उभे. मधलं कापलेलं होतं.

"वाकाचं सांगतलं यानं," त्या म्हणाल्या. "सरळ कसं व्हाचं, ते कुठी आहे?"

कॅसेट परत गेली. दुसरीतली मुलगी श्वास घ्यायलाही थांबत नव्हती, तीही गेली. तिसरीत हे आसन कोणी करू नये याबद्दल चकार शब्द नव्हता. दुधानं पोळलेला ताकही फुंकून पितो. ही बाई न पोळताच फुंकत होती. माझं डोकं सटकलं. कंबर माझी आहे, माझं मी बघून घेईन, असं मी तोंडावर म्हणाले.

"कंबर तुही आहे," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "पन तू त माही आहेस न?"

 तिसरी कॅसेटही मी परत पाठवली.

शेवटी हिरालालनं कोणी नेत नव्हतं अशी एक कॅसेट काढून दिली. चित्रावर रेघा, आवाज घसरणारा, आणि सतरंजीवर एक जाडसर बाई. पण ती आधी सांगायची की हे कोणी करू नये, दुखलं तर कुठे थांबावं. आणि आसनात जाई तितक्याच हळू बाहेर येई. जाऊबाईंनी ती मधून पाहिली, शेवटून पाहिली, मग लुगडं खोचून आधी स्वतःच जमिनीवर आडव्या झाल्या. भासरे आत आले आणि आल्या पावली परत गेले. स्वतःच्या अंगावर महिनाभर पारखल्यावर त्यांनी मला सतरंजीवर घेतलं. अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं, हे मी आज उघड सांगते.

दिवाळीच्या सुमारास गुलाब अंगणात खेळत होती. मी तिच्याजवळ गेले, गुडघे वाकवले, श्वास सोडला आणि तिला उचललं. ती चांगलीच जड झाली होती. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली आणि मला रडू फुटलं.

जाऊबाई दारात उभ्या होत्या. "उचलली त खरं," त्या म्हणाल्या. "आता ठेवून दाखव."

मी गुडघे वाकवून तिला हळूच खाली ठेवलं. त्यांनी मान हलवली. गुलाबनं पुन्हा हात वर केले, आणि जाऊबाई काही म्हणायच्या आत मी तिला पुन्हा उचललं.