बांधलेली दांडी

सासऱ्यांना गवत कापायचं नवं मशीन हवं होतं आणि सुनेला सासऱ्यांचे दोन्ही पाय शाबूत हवे होते. भांडण खरं तर एवढंच. पण दुकानापर्यंत दोघं भांडत आले ते रस्त्यातल्या खड्ड्यांवरून आणि तिच्या ब्रेक मारण्यावरून. माणसाचं असंच असतं, दुखतं एकीकडे आणि चोळतो भलतीकडे.

रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने जे पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नव्हतं. घरामागची बाग म्हणजे बाग कसली, टेकडीचा एक तुकडाच. मशीनच्या हँडलला एक आडवी दांडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद. माणूस पडलाच तर पातं थांबावं, म्हणून ही सोय. आणि या शहाण्या गृहस्थांनी ती दांडी चक्क नाडीने बांधून टाकली होती! ते घसरून गवतात बसले होते आणि मशीन एकटंच घरघरत उताराने सुटलं होतं. कुंपणात अडकलं म्हणून थांबलं. तिची पाचावर धारण बसली.

"त्याला सांगू नकोस हं," कपडे झटकत सासरे म्हणाले होते. तो म्हणजे तिचा नवरा. "दांडी कडक झालीय मेली. मशीन जुनं झालं, दुसरं काही नाही. नवं आणू." तिने मान डोलावली आणि नवऱ्याला अजून काही सांगितलं नव्हतं.

"बाग केवढी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"मोठी आहे."

"उतार?"

"थोडासा," सासरे म्हणाले.

"थोडासा? बाबा, वर वाटाणा ठेवला तर तो खालच्या शेजाऱ्यांच्या अंगणात सापडेल!"

दुकानदार खो खो हसला. सासरे हसले नाहीत. ते तरातरा बसून चालवायच्या मोठ्या मशीनकडे गेले आणि सीटवर हात फिरवायला लागले.

"ते नको काका. तुमच्या उतारावर उलटलं तर तुम्ही खाली आणि ते वर."

ढकलायचं मशीन हलकं होतं, पण चढावर दम काढणारं. शेवटी दुकानदाराने चाकांनाही इंजिनचाच जोर मिळणारं एक पुढे ओढलं. "हे आपलं आपण चालतं, तुम्ही फक्त वळवायचं. उतारावर नेहमी आडवं न्यायचं. आणि स्वतःच्या पायांकडे कधी ओढायचं नाही."

"तुम्ही रांगत होतात ना, तेव्हापासून गवत कापतोय मी," सासरे म्हणाले.

दुकानामागे चालवून बघण्यासाठी गवताचा एक उतार राखलेला होता. दुकानदाराने इंजिन चालू करून दिलं, तेवढ्यात त्याला फोन आला आणि त्याने पाठ वळवली. सासरे निघाले. आडवे, अगदी नीट. तिला जरा बरं वाटलं, आणि मग तिला हँडलवर काहीतरी पांढरं दिसलं. रुमाल. गाठ मारलेला रुमाल!

"बाबा!"

ती ओरडली, ते वळले, आणि ओल्या गवतावर त्यांचा पाय सटकला. पडता पडता माणूस हाती येईल ते धरतो. त्यांनी हँडल धरलं आणि मशीन स्वतःकडे ओढलं. ती कशी धावली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. गाठ सुटेना. नखं मोडली. मग रुमाल फाटला, दांडी सुटली, इंजिन गचकन बंद पडलं. सासऱ्यांच्या बुटापासून मशीन वीतभर लांब होतं.



"काका, पाय गेला असता हो!" दुकानदार धापा टाकत आला. "दांडी बांधतं का कुणी?"

"मग एवढी कडक कशाला करता? जुन्याचीही अशीच आहे."

दुकानदाराने एका बोटाने दांडी दाबली. ती मुकाट्याने खाली गेली. मग सुनेने दाबून पाहिली. लोण्यात सुरी जावी तशी गेली.

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला. बोटं दांडीवर टेकली आणि तिथेच राहिली. मिटेनात. ते आपल्या हाताकडे बघत राहिले आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे. रुमालाची गाठ उजव्या हाताने आणि दातांनी आवळली असणार. त्यांना हे ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे.

"बाबा, मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली. "इथून आधी डॉक्टरकडे. आणि ह्यांना मी आजच सांगणार."

आता आकाशपाताळ एक करतील, म्हणून तिने अंग चोरलं. सगळ्या घराला धाकात ठेवणारा माणूस तो. एकदा 'नाही' म्हणाले की पालथ्या घड्यावर पाणी.

"सांग," सासरे हळूच म्हणाले. मग दुकानदाराकडे वळले. "हेच मशीन द्या. हँडल तेवढं खाली घ्या, हिच्या उंचीला."

भांडले असते तर बरं झालं असतं. चांगले तावातावाने, नेहमीसारखे.

उतार उतरताना त्यांनी, कधी नव्हे तो, तिचा दंड धरला. डाव्या हाताने. त्यांनी धरलंय हे तिला नुसतं दिसत होतं, दंडाला पकड जाणवतच नव्हती.